तबकड्या माझ्याकडे, कव्हरं तुझ्याकडे

४ फेब्रुवारी

बोक्या,

‘प्रिय’ लिहायला हात वळेना, म्हणून नुसतंच नाव लिहिलंय.

तुझं पाकीट परवा दुकानात आलं. अक्षर बघताच ओळखलं, आणि ओळखलं याचाच राग आला. बायको म्हणाली, न वाचता फाडून टाका. मी म्हटलं, वाचतो आणि मग फाडतो. वाचलं, फाडायचं राहिलं.

तीन पानं भरून तू एकच बातमी दिलीस, की आपल्या लाडक्या बँडचा कीबोर्डवाला गेला. अरे, इकडेही बातम्या येतात. कळलं त्या दिवशी मी दुकानात सकाळपासून त्यांच्या ‘मीठ’ या रेकॉर्डची दुसरी बाजू लावून बसलो होतो. गिऱ्हाईकं डोळे तपासायला बसली की म्हणायची, जरा आवाज बारीक करा हो. नाही केला. चष्म्याच्या दुकानात कानांना एक दिवस त्रास झाला तर काही बिघडत नाही.

तुझं म्हणणं असं, की त्याच्या आठवणीखातर तरी आपण पूर्वीसारखी क्रमवारी लावू, सातही रेकॉर्डी, खालून वर. तुझी तू पाठव, माझी मी पाठवतो. आणि शेवटच्या पानाच्या तळाशी, सहीच्या डोक्यावर, जागा उरली म्हणून लिहावं तसं: ‘माऊ कशी आहे? एकदा भेट घडवून दे. एकदाच.’

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतोस? पोरीला भेटायचंय तर पहिल्या ओळीत लिहावं. मेलेल्या माणसाचा कीबोर्ड कशाला पुढे करायचा? तू गेलास तेव्हा ती तीन वर्षांची होती. आता विशी संपत आली. एवढ्या वर्षांत तू त्या सात रेकॉर्डी किती वेळा ऐकल्यास ते तुझं तुला माहीत, पण तिच्यासाठी चार ओळी काही तुझ्याच्यानं लिहवल्या नाहीत.

तरी क्रमवारी लावतो. तुझ्यासाठी नाही, माझी खाज म्हणून. या घरात माझ्याशी त्यावर भांडायला आता एकच माणूस आहे, आणि त्या माणसापुढे मी नेहमी हरतो.

सगळ्यात खाली ‘पोपटी’. यावर आपलं कधीच दुमत नव्हतं. ड्रमवाला सोडून गेल्यावर उरलेल्या चौघांनी काढलेली, तीन-तीन मिनिटांची गाणी, रेडिओवर लागावीत म्हणून घासून गुळगुळीत केलेली. अख्खी बाजू एकाच गाण्यात खपवणारी माणसं ही. कव्हरावर नुसता पोपटी रंग, चित्र काढायचेही कष्ट घेतले नाहीत. कव्हरावरचं मी आठवणीनं लिहितोय, कारण कव्हरं तुझ्याकडे आहेत.

तो करार आठवतो ना? दोघांनी अर्धे-अर्धे घालून रेकॉर्ड घ्यायची. तबकडी माझ्या घरी, कव्हर तुझ्या घरी. माझ्याकडे आवाज होता पण गाण्याचे शब्द नाहीत, चित्र नाही. तुझ्याकडे शब्द आणि चित्र, पण आवाज नाही. पुरतं ऐकायचं तर तू कव्हर काखोटीला मारून माझ्याकडे यायचंस, म्हणजे एकट्यानं कुणीच चैन करायची नाही. रेकॉर्डींची खरी नावं लांबलचक, म्हणून कव्हरांवरून आपण त्यांना आपली नावं पाडली. माझी आई म्हणायची, एकाकडे कुलूप आणि एकाकडे किल्ली, तुमच्याकडे चोर आला तर कंटाळून परत जाईल. आईला काय माहीत, चोर आधीच घरात येऊन चहा पीत बसलाय.

भेटीचं मला विचारू नकोस. तो अधिकार माझा नाही.

— तुझा माजी मेहुणा

२१ फेब्रुवारी

बोक्या,

तुझं उत्तर आठवड्यात आलं. लेकीचा एक वाढदिवस ज्याला कधी आठवला नाही, तो क्रमवारीला मात्र आठवड्यात उत्तर देतो. बरं.

‘बुडालेलं गाव’ तू पहिल्या नंबरावर ठेवलीस. ठेवणारच. दोन तबकड्या, चार बाजू, धरणाखाली गेलेल्या एका गावाची गोष्ट. तिसऱ्या बाजूला सगळी वाद्यं एकेक करून गप्प होतात आणि बासरी सुरू होते, तिथे तुझ्या डोळ्यांत पाणी यायचं. दर वेळी यायचं. मला वाटायचं, काय हळवा माणूस आहे! माझ्या धाकट्या बहिणीलाही तसंच वाटलं, म्हणून तर तिनं तुझ्याशी लग्न केलं. जो माणूस कधी नसलेल्या गावासाठी रडतो तो असलेल्या माणसांना काय कमी करील, असा तिनं विचार केला. तू मला साल्या म्हणायचास. लग्नानंतर मी खरोखरच साला झालो आणि तुझं म्हणणं बंद झालं. तेव्हा मला ते सभ्यपणाचं वाटलं होतं.

मी ती पाचवी ठेवतो. का, ते ऐक.

फुटलेले ते पाचजण पुन्हा एकत्र येऊन दौऱ्यावर निघाले तेव्हा तू पंधरा दिवसांसाठी म्हणून गेलास. सगळ्या कव्हरांवर पाचही जणांच्या सह्या घेऊन येतो म्हणालास. कव्हरं बहिणीनंच बॅगेत भरून दिली; कोपरे दुमडू नयेत म्हणून मध्ये पुठ्ठे घातले. मग तुझी कार्डं यायला लागली. अजून दोन कार्यक्रम बघून येतो. मग, त्यांच्या सामानाच्या गाडीवर काम मिळालंय, हंगामभर राहतो. मग त्या तिकीट विकणाऱ्या बाईचा उल्लेख, तोही असा की जणू ती बँडमधलीच कुणीतरी आहे आणि आम्हाला तिची माहिती हवीच.

त्या संध्याकाळी बहीण हॉस्पिटलच्या लाँड्रीतून सुटली ती थेट माझ्याकडे आली, पोर कडेवर. तिनं आयुष्यात कधी ही रेकॉर्ड धड ऐकली नव्हती. आपण दोघं बसलो की ती आतल्या खोलीत जायची. म्हणाली, ती लाव. कुठली ते सांगावं लागलं नाही. चारही बाजू तिनं जमिनीवर बसून ऐकल्या, पायांतल्या चपलासुद्धा न काढता. मी तबकड्या उलटत होतो. शेवटी सुई आत जाऊन खरखरायला लागली, तेव्हा तिनं माझ्याकडे बघून विचारलं, ‘एवढ्यासाठी?’

मी सुई उचलून ठेवली. तुला उत्तर येत असेल तर लिही. तेव्हापासून बासरी सुरू झाली की मी उठून दुसरं काहीतरी काम काढतो.

तुझी विनंती तिच्या कानावर घातली. तिनं हातातलं काम थांबवलं नाही. म्हणाली, ‘मला विचारू नकोस, माऊला विचार. आणि तिला आधी काही शिकवून ठेवू नकोस.’ आता मला धीर गोळा करू दे. या पोरीला मी जिना चढताना बोट धरून नेलंय, ताप आला की उशाशी बसलोय. तू येऊन तिचं मन ढवळून पुन्हा पंधरा दिवसांच्या बोलीवर निघून गेलास तर निस्तरायला आम्हीच आहोत.

— मी

७ मार्च

बोक्या,

फोटो पाठव म्हणतोस. नाही पाठवणार. ती काय शिकली, काय करते, उंच आहे की बुटकी, यातलं काहीही तुला माझ्याकडून कळणार नाही. गाणं शिकत असेल असा तुझा अंदाज आहे. तुझे अंदाज तुझ्यापाशी. डोळे तेवढे तुझे आहेत, घारे, म्हणून तर बोक्याची पोर ती माऊ असं नाव पडलं. बाकीची सगळी आमची.

उलट तू मला तुझा फोटो पाठवलास, बासवाल्याच्या खांद्यावर हात टाकलेला, आणि लिहिलंस, माऊला दाखव. अरे, बापाची ओळख करून द्यायची तर बापाचा फोटो पाठवावा. यात मधोमध बासवाला आहे आणि तू कडेला, तुझा अर्धा कान कापला गेलाय. मी तो काउंटरच्या खणात टाकून दिलाय.

‘आरसे’ सहावी. इतकी नाकानं कांदे सोलणारी रेकॉर्ड दुसरी नाही. तुझा फोटो बघून तीच आठवली.

— मी

२३ मार्च

बोक्या,

विचारलं.

रविवारी दुपारी. ती चहात बिस्कीट बुडवत होती आणि मी घसा खाकरत होतो. शेवटी तीच म्हणाली, मामा, काय ते बोलून टाक, बिस्कीट विरघळलं. मी सांगितलं, तुझ्या बापाचं पत्र आलंय, एकदा भेटायचं म्हणतोय. तिनं चमच्यानं बिस्कीट बाहेर काढलं, खाल्लं, कप विसळून ठेवला. मग विचारलं, पत्र कशाबद्दल आहे? मी म्हटलं, क्रमवारीबद्दल. तेव्हा हसली. ते हसू मला आवडलं नाही.

मग म्हणाली, ‘त्यांची पहिली कुठली?’ मी सांगितलं. ‘आणि शेवटची?’ तेही सांगितलं. तिला राग आला, बोक्या. तुझ्या जाण्याचं काही बोलली नाही, पण ‘पोपटी’ शेवटून पहिली म्हटल्यावर तिचे कान लाल झाले.

कारण तिची ती पहिली आहे. पूर्वीपासून. आमच्याकडे तबकड्या तपकिरी कागदात गुंडाळलेल्या, सगळ्या एकसारख्या. शाळेत जायला लागली तेव्हा एकदा तिला हवी ती सापडेना, म्हणून तिनं रंगाची पेटी काढली आणि ऐकून ऐकून प्रत्येक कागदावर स्वतःचं चित्र काढलं. ‘बुडालेलं गाव’वर काय काढलं असेल? बादली, आणि तिच्यात एक चप्पल. ‘मीठ’वर जिना, कारण त्यातल्या सात मात्रांवर, तीन-दोन-दोन, ती आमच्या पायऱ्या उड्या मारत चढायची. मी तिला खऱ्या कव्हरांचं वर्णन सांगितलं होतं; घंटा, पाणी, दगडी दार, सगळं. तिनं नीट ऐकून घेतलं आणि बादली तशीच ठेवली. ‘पोपटी’ तिच्या कागदावर तांबडी आहे. त्यावर चार खुर्च्या आहेत.

मी तिला पूर्वीही विचारलं होतं, या गुळगुळीत गाण्यांत तुला काय दिसतं गं? तेव्हा तिनं दिलेलं उत्तर तुला कळवतो, कारण तू स्वतःला मोठा जाणकार समजतोस. म्हणाली, ‘बाकीच्या सहांत ते पाचजण एकमेकांना वाजवून दाखवतात, मामा. हिच्यात एकजण निघून गेलाय आणि उरलेले चौघं घर चालवतायत. गाणी लहान आहेत, कारण त्यांना कामं आहेत.’

मी त्यानंतर ती रेकॉर्ड वेगळ्या कानांनी ऐकायला लागलो. तरी माझ्या क्रमवारीत ती शेवटचीच ठेवलीय. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसं.

भेटीचं म्हणाली, विचार करते. घाई करू नका म्हणावं, आणि मी कळवेपर्यंत येऊ नका म्हणावं. एवढं एक पाळ. आजवर तिनं तुझ्याकडे काही मागितलेलं नाही, हे पहिलंच आहे.

— मी

१४ एप्रिल

बोक्या,

तिनं एक प्रश्न पाठवलाय. शब्द तिचेच लिहितो: ‘त्यांना माझ्याकडून काय हवंय?’

मी म्हटलं, बाप आहे, बघावंसं वाटत असेल. ती म्हणाली, तू का उत्तर देतोस, त्यांना देऊ दे.

तेव्हा सरळ उत्तर दे. क्षमा हवी असेल तर तसं लिही. म्हातारपणी जवळ कुणी असावं असं वाटत असेल तर तेही लिही, लाज कसली? नुसतं डोळे भरून बघायचं असेल तरी चालेल. काहीही लिही पण तिच्याबद्दल लिही. मी तुझी बाजू घेत नाही, पण ती पोरगी रोज संध्याकाळी पायपुसण्यावर उभी राहून पत्रांच्या पेटीत डोकावते आणि मला दिसू नये म्हणून बुटाची नाडी बांधायचं निमित्त करते. तिच्या बुटांना नाडीच नाही.

— मी

२८ एप्रिल

बोक्या,

चार पानं आली. पहिली तीन ‘पोपटी’ कशी टाकाऊ आहे त्यावर. ड्रमवाला नेमका का गेला, स्टुडिओत कोण कुणाला काय बोललं, तू गाडीवर असताना सामान उचलता उचलता काय ऐकलंस. तिनं एक मत दिलं तर तू ते खोडायला तीन पानं घेतलीस. पालथ्या घड्यावर पाणी.

चौथ्या पानावर उत्तर: ‘माझं रक्त आहे ते. मला तिच्याकडून काही नको. फक्त समोर उभी राहू दे, मी लाखात ओळखीन.’

पत्र मी तिला जसंच्या तसं दिलं. काही लपवलं नाही, काही समजावलं नाही. तिनं चारही पानं वाचली, घडी घालून परत दिली आणि म्हणाली, बरं. यातून हो समजायचं की नाही, ते मला कळलेलं नाही. थांब.

— मी

९ मे

बोक्या,

चष्मा या खोक्यात आहे. काचा पुसायला फडकंही घातलंय. आता बाकीचं.

मंगळवारी दुपारी तू दुकानात आलास. मी नव्हतो असा तुझा समज आहे. मी होतो. मागच्या खोलीत काचा घासत होतो. मधल्या दाराला अर्धी काच आहे, तिच्यातून आधी तुझी मान दिसली, मग काखेतली चपटी बॅग. मशीन बंद करून मी दाराशी आलो. येऊ नकोस म्हणून कळवलं असताना आलास म्हणून आधी शिव्या घातल्या असत्या आणि मग मिठी मारली असती, किंवा उलट. पण काउंटरवरच्या मुलीनं पाठीमागे हात करून मला खूण केली, थांब. थांबलो. तिचं मी ऐकतो.

तू मालकांना विचारलंस. ती म्हणाली, कामानं बाहेर गेलेत, वेळ लागेल. तोवर डोळे तपासून घेता का, तुमच्या चष्म्याची एक काच खरवडलेली दिसतेय. तू म्हणालास, चला, तेवढंच काम होईल, संध्याकाळची गाडी पकडायचीय. पुढच्या शहरात कीबोर्डवाल्याच्या स्मरणार्थ कार्यक्रम आहे, म्हणून वाटेत उतरलोय. तिनं तुझं नाव कार्डावर लिहून घेतलं. मी दारातून बघत होतो. लिहिताना तिचं पेन अडखळलं नाही.

दुकानात तेव्हा ‘पोपटी’ लागलेली होती. मशीनवर हनुवटी टेकवता टेकवता तू विचारलंस, हे इथे कोण ऐकतं? ती म्हणाली, मी. मग काय, तुझं सुरू झालं. ती नाकावर जड फ्रेम बसवून एकेक काच घालत होती, पहिली बरी की दुसरी असं विचारत होती, तू ‘दुसरी’ म्हणायचास आणि पुन्हा बँडवर यायचास. उरलेल्या चौघांनी पाट्या टाकल्यात, म्हणालास. तुझ्या वयाच्या मुलांना हेच आवडायचं, म्हणालास. आधी ‘तुम्ही’ म्हणत होतास, मग ‘तू’वर आलास. बोलण्यात गोडवा होता हो, तो अजून तसाच आहे. एकदा ती हसलीसुद्धा.

मग दोन बुबुळांमधलं अंतर मोजायचं असतं. त्याची आमची रीत अशी, की मोजणाऱ्यानं अगदी समोर, हातभर अंतरावर बसायचं, नाकावर पट्टी धरायची, आणि गिऱ्हाइकाला आपल्या डोळ्यांत बघायला सांगायचं. आधी एका, मग दुसऱ्या. त्याशिवाय माप बरोबर येत नाही. हे माप एका दमात होतं. तिनं तुझं तीनदा घेतलं. ‘माझ्या या डोळ्यात बघा. आता या. परत एकदा.’ तू बघितलंस. तिच्या उजव्या डोळ्यात बघत तू ‘बुडालेलं गाव’च्या तिसऱ्या बाजूबद्दल बोलत होतास. डाव्या डोळ्यात बघतानाही तेच चाललं होतं. बासरीशी आलास तेव्हा तुझा आवाज भरून आला. मी दारामागे उभा होतो.

बोक्या, ती माऊ होती.

डोळे तपासायचं रीतसर शिक्षण घेऊन गेल्या वर्षापासून माझ्याच दुकानात बसते. तिनं तुला कधीच ओळखलं होतं, तुझं नाव लिहायच्याही आधी. खणातला तो अर्ध्या कानाचा फोटो तिनं केव्हा काढून बघितला ते मलाही माहीत नाही.

माप झाल्यावर तू बॅग उघडलीस. सह्या दाखवायला. मी सांगतो ते तुला कळतंय का? ज्या तबकड्यांवर ती लहानाची मोठी झाली त्यांची कव्हरं तिनं आयुष्यात पहिल्यांदा पाहिली, आणि दाखवणारा तू होतास, एका अनोळखी पोरीपुढे ऐट मिरवायला. तिनं हात पुसून एकेक हातात घेतलं. पाठी फिरवून बघितली. ‘पोपटी’ जरा जास्त वेळ धरली. तू म्हणालास, जपून हं, माझ्या मुलीसाठी आणलीयत.

तिनं विचारलं, ‘मुलगी केवढी आहे?’

‘तुझ्याच वयाची असेल.’

‘कशी आहे?’

‘अगदी माझ्यासारखी,’ तू म्हणालास. ‘कान तर माझाच घेतलाय तिनं.’

मग कव्हरं परत घेतलीस, पुठ्ठे घालून बॅग बंद केलीस, मालकांना सांग बोका येऊन गेला म्हणालास, चष्मा पोस्टानं पाठवा म्हणून पत्ता दिलास आणि गेलास. जाताना तिच्या डोक्यावर टप्पल मारलीस. दुकानाची घंटी वाजली, दार लागलं.

मी बाहेर आलो. ती तुझ्या कार्डावर आकडे भरत होती. मी तुझीच बाजू घेऊन पाहिली. म्हटलं, अगं, तुझ्या कोटावर आडनावाची पट्टी आहे, पण जुना चष्मा काढून ठेवला होता ना त्यानं, वाचता आली नसेल. ती म्हणाली, ‘मामा, आत आले तेव्हा चष्मा लावूनच आले होते.’

हो, आडनाव ती तुझंच लावते. तिच्या आईनंही कधी बदलायला लावलं नाही.

संध्याकाळी बहीण लाँड्रीतून आली तेव्हा माऊनं तिला सगळं सांगितलं, अगदी टपलीपर्यंत. दोघी बराच वेळ चादरींच्या घड्या घालत बसल्या होत्या. एक टोक हिच्या हातात, एक तिच्या. मी तिथे उभा राहून उगाच पायांत येत होतो. घड्या संपल्यावर माऊ एकदाच रडली, तीही आईच्या पाठीला कपाळ लावून, म्हणजे मला दिसू नये. मला दिसलं. तेव्हापासून माझ्या डोक्यात जे शिजतंय ते मी कागदावर लिहीत नाही. तू समोर आलास तर तोंडावर सांगेन. येऊ नकोस.

तुझ्या काचा तिनंच घासल्या, तिनंच बसवल्या. मी करतो म्हटलं तर नको म्हणाली, गिऱ्हाईक माझं आहे. नंबर चोख निघालाय. लांबचं तुला पूर्वीसारखंच उत्तम दिसतं. जवळचं बरंच बिघडलंय.

उत्तर काय लिहू, असं मी तिला काल विचारलं. तू तिच्या निर्णयासाठी थांबला होतास ना, थांबायला सांगितलं तसा थांबला नाहीस ते सोड, पण निर्णय तिचा होता आणि तो तुला कळायला हवा. ती दुकान बंद करत होती.

‘त्यांनी काय मागितलं होतं?’ तिनं विचारलं.

मी म्हटलं, एकदा भेट घडवून दे. एकदाच.

‘मग लिही की,’ ती म्हणाली, ‘झाली म्हणून.’